तीन श्वासांचा थांबा : धावपळीच्या दिवसात सम्यक स्मृतीची सवय

रविवारी विहारात वंदना होते. पौर्णिमेला काही उपासक-उपासिका अष्टशील पाळतात. काही तरुण इगतपुरीला किंवा जवळच्या केंद्रावर जाऊन दहा दिवसांचे विपश्यना शिबिरही करून येतात. प्रश्न उरतो तो सोमवार ते शनिवारचा. सकाळची लोकल किंवा एसटी, कॉलेज, नोकरी, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, संध्याकाळी मंडळाची बैठक आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल. अशा दिवसात मांडी घालून अर्धा तास बसणे जमत नाही. शिबिराहून आल्यावर आठ-पंधरा दिवस उत्साह टिकतो, मग एक दिवस चुकतो आणि पुढे सगळेच सुटते.

यावरचा एक साधा उपाय या लेखात आम्ही मांडत आहोत : दिवसातून काही वेळा, ठरलेल्या प्रसंगी, तीन श्वासांपुरते जाणीवपूर्वक थांबणे. त्याला येथे आम्ही ‘स्मृतीचा थांबा’ असे म्हणू. त्याचा सुत्तांमधील आधार, प्रत्यक्ष पद्धत, सवय लावण्याचा मार्ग आणि चळवळीतील कार्यकर्त्यांकडून हमखास येणारे आक्षेप असा या लेखाचा क्रम आहे.

स्मृती म्हणजे काय?

आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. पाली भाषेत तिला ‘सम्मा सति’ म्हणतात. या ‘सति’ शब्दाचा सतीच्या चालीशी काहीही संबंध नाही. तो संस्कृतमधील ‘स्मृती’चा पाली अवतार आहे. मूळ अर्थ आठवण, भान. आपण या क्षणी काय करतो आहोत, मनात काय चालले आहे आणि आपण कोणत्या मार्गावर आहोत, याचे भान सुटू न देणे म्हणजे स्मृती. तिच्या जोडीला सुत्तांमध्ये ‘सम्पजञ्ञ’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ स्वच्छ समज.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती असा लावला आहे. दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा, असे त्याचे स्वरूप ते सांगतात. पहारा हा शब्द महत्त्वाचा आहे. पहारेकरी डोळे मिटून आनंदात बसत नाही. कोण आत येते आणि कोण बाहेर जाते, हे तो पाहत असतो.

सुत्तांमधील आधार

स्मृतीच्या अभ्यासाचे सविस्तर विवेचन सतिपट्ठान सुत्तात आहे. मज्झिम निकायात ते दहावे सुत्त आहे. दीघ निकायात बाविसावे सुत्त म्हणून त्याचे मोठे रूप येते. काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार आधारांवर स्मृती कशी स्थिर करावी, हे त्यात सांगितले आहे. अनेकांना त्यातील श्वासाचा भाग तेवढा माहीत असतो. पण त्याच सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही अवस्थांचा उल्लेख आहे. पुढे जाताना, मागे वळताना, हात-पाय दुमडताना, खाता-पिताना, शौचाला जाताना, बोलताना आणि गप्प राहताना समज जागी ठेवावी, असेही त्यात येते. म्हणजे तथागतांनी स्मृतीला ध्यानाच्या खोलीत कोंडून ठेवले नाही. तुमच्या-आमच्या दिवसात जे घडते, तेच तिचे मैदान आहे.

दुसरा आधार राहुलाला दिलेल्या उपदेशाचा. तथागत राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना अंबलट्ठिका येथे राहुलाला भेटले. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी त्याला विचारले. पाहण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सांगितले की कायेने, वाचेने आणि मनाने होणारे प्रत्येक कर्म असेच पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे, करून झाल्यावर पाहावे. या कर्माने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होणार आहे का, हा प्रश्न तिन्ही वेळा विचारावा. होणार असेल तर करू नये. सुरू असेल तर थांबावे. होऊन गेले असेल तर जाणत्या साथीदाराला सांगून पुढे सावध राहावे.

राहुलाला केलेला असत्यासंबंधीचा उपदेश सम्राट अशोकालाही महत्त्वाचा वाटला होता. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या भाब्रू शिलालेखात अशोकाने सात धम्मपाठांची नावे दिली आहेत आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ते वारंवार ऐकावेत, त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. त्या सात नावांत राहुलाचा उपदेश आहे. अंबलट्ठिकेचे सुत्तही पाण्याच्या भांड्याचे उदाहरण देत असत्यापासूनच सुरू होते. गृहस्थाने आपले बोलणे-वागणे थांबून तपासावे, हा विचार आपल्या परंपरेत किती जुना आहे, हे यावरून कळते.

कार्यकर्त्याला त्याची गरज का?

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचे उदाहरण आहे. शरीराला वेदना झाली, हा पहिला बाण. त्यानंतर शोक, चडफड आणि संताप यांनी मन घायाळ होते, तो दुसरा. अजाण माणसाला दोन्ही लागतात, जाणत्याला पहिलाच.

हे उदाहरण आपल्याकडे जपून वापरले पाहिजे. वर्गात आडनाव विचारून बदललेली नजर, घर भाड्याने देताना अचानक मिळालेला नकार, महापुरुषांविषयी टाकलेली घाणेरडी पोस्ट हे सगळे पहिले बाण आहेत. ते खरे आहेत आणि मारणारा कोणीतरी आहे. श्वास घेतल्याने तो नाहीसा होत नाही. त्याचा बंदोबस्त कायद्याने, संघटनेने आणि शिक्षणानेच करावा लागतो. पण दुसऱ्या बाणाने घायाळ झालेला कार्यकर्ता पहिल्या बाणाचा नीट सामना करू शकत नाही. तो रात्रभर कमेंटमध्ये भांडतो, सकाळी घरच्यांवर ओरडतो, बैठकीत आपल्याच साथीदाराला तोडून बोलतो आणि दोन-तीन वर्षांत थकून घरी बसतो. चळवळीचे असे नुकसान आपण सगळे पाहतो आहोत.

थांबणे म्हणजे माघार, असे ज्यांना वाटते त्यांनी महाडचा इतिहास आठवावा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. माणसे जखमी झाली. प्रतिकाराला तयार असलेले लोक हाताशी असताना बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितले आणि हल्लेखोरांना कायद्याच्या मार्गाने शिक्षा होईल असे पाहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तेव्हा तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करून त्यांनी लढा न्यायालयात नेला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्या वेळी धम्मदीक्षा जवळपास तीस वर्षे दूर होती, आणि महाडचा प्रसंग हा ध्यानाचा प्रयोग होता असे आम्ही म्हणत नाही. पण चिथावणी आणि प्रत्युत्तर यांच्यामध्ये विचाराला जागा ठेवणे म्हणजे काय, हे त्यातून शिकता येते.

थांबा कसा घ्यावा?

पद्धत सोपी आहे. उभे असा, बसलेले असा किंवा रांगेत असा. एवढेच करायचे :

१. हातातले काम क्षणभर थांबवा. पाय जमिनीला टेकलेले आहेत, हे जाणवू द्या. खांदे आणि जबडा आवळलेला असेल तर सैल सोडा.

२. पहिला श्वास कायेसाठी. श्वास आत येतो आणि बाहेर जातो, एवढेच पाहा. तो मुद्दाम लांबवू नका.

३. दुसरा श्वास वेदनेसाठी. या क्षणी जे जाणवते ते सुखद आहे, दुःखद आहे की दोन्ही नाही, एवढीच नोंद मनात घ्या.

४. तिसरा श्वास चित्तासाठी. राग आहे, घाई आहे, भीती आहे की आळस आहे, ते ओळखा. त्याला नाव द्या. हाकलू नका.

५. मग राहुलाचा प्रश्न विचारा : आता मी जे करणार आहे, त्याने कोणाचे अहित होईल का? उत्तर मिळाले की कामाला लागा.

सगळे मिळून अर्धा मिनिट लागते. डोळे मिटण्याची गरज नाही, आणि गाडी चालवताना तर मिटायचेच नाहीत. समोरच्याला कळणारही नाही की तुम्ही काही वेगळे केले. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची स्वाभाविक रचना आहे. त्यामुळे तीन शांत श्वासांनंतर बरे वाटू शकते. पण बरे वाटणे हा त्याचा उद्देश नव्हे. भान येणे हा उद्देश आहे. कधी थांबल्यावर आपण किती चिडलो आहोत तेच कळते, तेही यशच.

दिवसात थांबे कुठे ठेवावेत?

‘दिवसभर सजग राहीन’ हा संकल्प टिकत नाही, कारण तो कोणत्याच क्षणाला बांधलेला नसतो. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला थांबा जोडा. काही सोयीच्या जागा अशा :

• सकाळी उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी.
• घराचा उंबरठा ओलांडताना.
• लोकल किंवा बसची वाट पाहताना. गाडी दिसली की पहिला श्वास.
• अभ्यासिकेत पुस्तक उघडण्याआधी आणि विषय बदलताना.
• चहाचा पहिला घोट घेताना किंवा डब्याचा पहिला घास तोंडात जाण्याआधी.
• बैठकीत बोलायला उभे राहण्याआधी.
• घरी परतल्यावर, चपला काढताना.
• दिवा मालवल्यावर. दिवसभरातले एक कर्म राहुलाच्या आरशात पाहण्यासाठी.

यातले सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात एकच निवडा.

वंदना म्हणतानाही हा अभ्यास करता येतो. पाठांतर पक्के झाले की त्रिशरण-पंचशील तोंडातून आपोआप बाहेर पडते आणि मन भलतीकडे असते. प्रत्येक शीलानंतर एक श्वास थांबून पाहा. वंदना दोन मिनिटांनी लांबेल, पण प्रत्येक शील आपण स्वतःच्या तोंडाने घेतले, हे लक्षात राहील.

फोन हातात असताना

आजच्या कार्यकर्त्याचा सर्वांत कठीण थांबा हाच. चिथावणीखोर पोस्ट लोकांनी विचार न करता पुढे पाठवावी, याच हिशोबाने तयार केलेली असते. तुमचा संताप हे तिचे इंधन आहे. म्हणून फॉरवर्ड, शेअर किंवा रिप्लायचे बटण दाबण्याआधी तीन श्वास, हा नियम गटाने मिळून करावा.

थांबल्यावर तीन गोष्टी पाहा. मजकूर खरा आहे का, जुना फोटो किंवा अर्धवट व्हिडिओ तर नाही? तो पसरवल्याने अपमान करणाऱ्याचेच काम आपण करत नाही ना? आणि रागाच्या भरात लिहिलेले आपलेच वाक्य उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल का? दोन समाजांत वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे, आणि एका ओळीपायी एखाद्या मुलाची नोकरीची संधी अडकू शकते.

थांबणे म्हणजे गप्प बसणे मात्र नाही. मजकूर खरोखर गुन्ह्याच्या स्वरूपाचा असेल तर स्क्रीनशॉट घ्या, लिंक, तारीख आणि वेळ नोंदवा, जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या आणि तक्रार द्या. प्रसंगानुसार अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ लागू होतो का, तेही तपासा. शंभर शिव्यांपेक्षा एक नीट लिहिलेली तक्रार जास्त काम करते, आणि ती थरथरत्या हाताने लिहिता येत नाही.

व्हिएतनामचे उदाहरण

कार्यकर्त्यांसाठी छोट्या थांब्यांचा विचार आधुनिक काळात कोणी केला असेल, तर तो व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान यांनी. १९६०च्या दशकात, युद्ध पेटलेले असताना, त्यांनी तरुणांची समाजसेवा संस्था उभी केली. हे तरुण खेड्यांत जाऊन शाळा आणि आरोग्य केंद्रे चालवत, बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभारत. त्यांच्यातले काही जण मारलेही गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले होते.

पुढे देशाबाहेर राहावे लागले असताना, १९७४ मध्ये, त्यांनी त्या संस्थेतील एका साथीदाराला एक लांबलचक पत्र लिहिले. भांडी घासताना, चालताना, चहा पिताना स्मृती कशी राखावी, हा त्याचा विषय होता. तेच पत्र नंतर ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ या नावाने जगभर वाचले गेले. आज कंपन्यांच्या प्रशिक्षणात सांगितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी मुळात युद्धभूमीवर सेवा करणाऱ्या, थकलेल्या तरुणांसाठी लिहिल्या गेल्या होत्या, हे विसरता कामा नये.

१९८२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी स्थापन केलेल्या प्लम व्हिलेज या विहारात दिवसातून अनेकदा घंटा वाजते. ती वाजली की जो जिथे असेल तिथे थांबतो आणि श्वासाकडे लक्ष देतो. फोन वाजला तरी तोच नियम. उचलण्याआधी श्वास.

सवय रुजायला किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. माणसामाणसांतला फरक मात्र १८ ते २५४ दिवस इतका मोठा होता. त्यातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही.

आपल्याकडे यासाठी तयार चौकट आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास तीन महिन्यांचा असतो. गावोगावच्या विहारांत त्या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालते. त्याच तीन महिन्यांत प्रत्येकाने एक थांबा निवडून पाळला, तर सरासरी ६६ दिवस सहज ओलांडले जातात. वर्षावास दूर असेल तर येत्या पौर्णिमेपासून सुरुवात करा. दिनदर्शिकेवर रोज एक ठिपका द्यावा. ठिपका चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावा. दंड नाही, उपास नाही.

काही आक्षेप

‘ध्यानाने चळवळ थंड पडते.’ हा आक्षेप पोकळ नाही. अन्याय सहन करायला शिकवणारे ध्यान आपल्याला नकोच आहे. भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या सुरुवातीलाच विचारला आहे. तीच कसोटी आपल्या थांब्यालाही लावावी. थांबल्यावर पुढचे पाऊल जास्त नेमके पडत असेल तर तो थांबा सम्यक. पाऊल पडतच नसेल तर ती पळवाट.

‘हे तर स्वतःपुरते झाले.’ संयुत्त निकायातील सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणाऱ्या गुरू-शिष्याची गोष्ट आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, आपण दोघांनी आपापला तोल सांभाळू, मगच खेळ नीट होईल. तथागत शिष्याची रीत योग्य ठरवतात आणि पुढे सांगतात की स्वतःला जपणारा दुसऱ्याला जपतो आणि दुसऱ्याला क्षमेने, अहिंसेने आणि मैत्रीने जपणारा स्वतःला जपतो. मोर्चाच्या पुढे चालणाऱ्याचा तोल गेला तर मागच्यांचे काय होते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

‘हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे.’ १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘माइंडफुलनेस’ हा शब्द जगभर गेला. रुग्णांना त्याचा उपयोग झाला, ते चांगलेच. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या स्मृतीमागचा ‘सम्यक’ हा शब्द बऱ्याचदा गळलेला असतो. शील आणि करुणा यांच्यापासून तोडलेली एकाग्रता शिकाऱ्याकडेही असते. आपण ही स्मृती अष्टांगिक मार्गासह घ्यावी.

सावधगिरी

दमा असलेल्यांना किंवा घाबरण्याचे झटके येणाऱ्यांना श्वासाकडे लक्ष दिल्याने कधी अस्वस्थता वाढते. त्यांनी श्वासाऐवजी तळपायांचा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज यांवर लक्ष ठेवावे. झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे अशा गोष्टी असतील तर थांबा हा त्यावर उपचार नाही. डॉक्टरांकडे जावे, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. मदत मागणे हा कमकुवतपणा नाही.

गटासाठी

एकट्याने धरलेली सवय सुटते, गटाने धरलेली टिकते. युवक मंडळांनी आणि महिला मंडळांनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. बैठकीच्या सुरुवातीला एक मिनिट शांतता ठेवावी. चर्चा तापली की कोणीही, अगदी सर्वांत लहान सदस्यानेही, ‘तीन श्वास’ म्हणावे आणि सर्वांनी थांबावे; अध्यक्षांनाही यातून सूट नसावी. आणि महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर, कोणता थांबा जमला आणि कोणता नाही, याविषयी दहा मिनिटे मोकळेपणाने बोलावे.

तथागतांनी शेवटच्या क्षणी भिक्खूंना जो उपदेश केला, तो अप्रमादाचा, म्हणजे बेसावध न राहण्याचा होता. तो अमलात आणायला मोठी तयारी लागत नाही. उद्या सकाळी फोन हातात घेण्याआधी तीन श्वास घ्या. तेवढ्याने सुरुवात होते.

जय भीम! नमो बुद्धाय!